तांबडीच्या गळ्यातल्या कवड्या

माझ्या सासरच्या गावात वरीस कसं जाणार हे पंचांगावरून नाही, बारवेच्या पायऱ्यांवरून कळायचं. एकोणीस पायऱ्या होत्या. दिवाळीला वरच्या पाचच उघड्या असल्या की बायका खुशीत. भर उन्हाळ्यात बारा उघड्या पडायच्या, फार तर तेरा. सोळावी पायरी कुणी पाहिलेली नव्हती. म्हाताऱ्या सांगायच्या की तिच्यावर शेवाळ आहे आणि पाय घसरतो, पण त्यांनीही ते कुणाकडून तरी ऐकलेलंच.

मी ती सोळावी पायरी पाहिली. आणि त्यानंतर एका दुपारी सगळ्याच्या सगळ्या एकोणीस पायऱ्या दिसेनाशा झालेल्याही पाहिल्या. त्यात माझा हात होता. हे घरात अर्धंमुर्धं माहीत आहे, बाहेर आता कुणाला नाही; ज्यांना होतं ती माणसं राहिली नाहीत. मी तोंडाची फटकळ म्हणून ओळखली जाते, दुसऱ्याचं उणं तोंडावर सांगते. तर आपलंही सांगावं एकदा.

गाव येडशीच्या अलीकडं, डोंगराच्या कुशीत. स्टेशनात उतरलं की तासाभराची पायवाट. गावाच्या वरच्या अंगाला उताराचं कुरण आणि कुरणाच्या पायथ्याला ती दगडी बारव, तिच्यात डोंगराचा झरा. निजामाच्या राज्यात कुरण सरकारी घोड्यांसाठी राखलेलं होतं म्हणे. राज्य गेलं, घोडे गेले, कुरण गावाकडं आलं. तेव्हा चार शहाण्या माणसांनी बसून ठरवलं की पावसाळा लागल्यापासून दिवाळीपर्यंत एकही जनावर आत जायचं नाही. दिवाळीनंतर घरटी एकानं विळा घेऊन जायचं, कापायचं आणि डोक्यावरून आणायचं. गवत विळ्याला द्यायचं, दाताला नाही.

ह्या नेमाची राखण मामांकडं होती. मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडं सुना सासऱ्यांना मामाच म्हणतात. पहिला पाऊस पडून गेला की ते कुरणाच्या चारी कोपऱ्यांवरच्या दगडांना चुना लावायचे. दगड पांढरे झाले की कुरण बंद. मग आत जे जनावर दिसेल ते थेट चावडीमागच्या कोंडवाड्यात. सख्ख्या भावाची म्हैस त्यांनी स्वतः ओढत नेऊन कोंडवाड्यात घातली होती आणि त्यावरून दोघा भावांचं बोलणं तीन वर्षं बंद होतं. तरी दरसाल चुना लागायचाच.

एकदा मी विचारलं, एवढं काय त्या गवतात? तर म्हणाले, "गवत हाय तवर डोंगर पाणी धरून ठिवतो. गवत गेलं की पाणी वरच्यावर पळून जातं, बारवंत उतरतच न्हाय." मी नवी नवरी होते, मान हलवली. मला त्यातलं काही कळलं नव्हतं. मी तुळजापूरची, पुजाऱ्याची लेक. आमच्या घरी पाणी यायचं ते कावडीतून, आणि गवत यायचं ते गाईच्या पुढ्यात, विकत घेतलेलं.

लग्नात मला आंदण म्हणून गाय मिळाली होती, तांबडी. माझे वडील स्वतः तिच्या संगं दोन मुक्काम करत तुळजापुराहून चालत आले होते. सगळे हसले त्यांना, म्हणाले, अहो बैलगाडीला बांधून पाठवायची. तर म्हणाले, लेकीच्या घरची वाट गाईला पायानं माहीत असलेली बरी. पुढच्याच साली ते गेले. ते अत्यवस्थ असल्याचा निरोप आला तेव्हा मी तापानं फणफणले होते. मामा लगोलग निघाले, मी चार दिवसांनी पोचले, तोवर सगळं आटोपलं होतं. आईनं माझ्या ओटीत वडलांच्या गळ्यातली कवड्यांची माळ घातली. तिच्या मधोमध एक मोठी पिवळसर कवडी होती, कडेला टवका उडालेली. बाप म्हणून माझ्याकडं राहिलं ते एवढंच, माळ आणि गाय.

आमचा मुलूख मुंबई राज्यात गेला त्याच्या पुढच्या सालची गोष्ट. आदल्या वर्षी पाऊस बेताचा झालेला, कडब्याच्या गंजी वैशाखातच जमिनीला लागल्या. मिरगात दोन सरी आल्या आणि नंतर नुसतं वारं. मामांनी दगडांना चुना लावला खरा, पण कुरणात गवत घोट्याला लागेना. तांबडी गाभण होती. तिच्या बरगड्या मोजता येत होत्या आणि मी गोठ्यात शिरले की ती उठायची नाही, नुसती मान वळवून बघायची. तिचं ते बघणं मला सोसवेना. माझे मालक तेव्हा बार्शीला कामाला, दोन दोन महिने घरी नाहीत. बोलायचं कुणाशी?

सुनेनं सासऱ्याशी तोंड वर करून बोलायचं नसतं. मी बोलले. डोक्यावर पदर घेतला आणि गोठ्याच्या दारात उभी राहिले.

"मामा, तांबडीचं पोट खपाटीला गेलंय. जनावर सोडत न्हाय मी, इळ्यानं एक भारा आणू द्या."

"दिवाळीपतोर न्हाय."

"दिवाळीपतोर ती जगायची न्हाय."

"आवंदा गवत हाय कुठं पोरी? आता कापलं तर मुळ्या उन्हानं जळतील. माळ उघडा पडला की बारव गेली म्हणून समज."

"म्हंजे माझी गाय मेली तरी चालंल तुमाला?"

त्यांनी काठी भिंतीला टेकवली. "एक गाय मेली तर एक घर रडंल. बारव आटली तर गाव उठंल हितनं."

मग माझा तोल गेला. "मरू द्या समद्यांची जनावरं, आन् मग बसा त्या दगडांना चुना लावत!" असं म्हणून मी हातातली बादली आपटली. आज आठवलं तरी कान तापतात. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चुलीपुढून नुसत्या बघत राहिल्या.

गावात पूर्वीपासून एक देवीचा वळू होता. कुणीतरी आजारातून उठल्यावर तुळजाभवानीला म्हणून सोडलेला. गळ्यात कवड्यांची माळ, हीच त्याची खूण. त्याला कुणी दावं लावायचं नाही, काठी दाखवायची नाही, कोंडवाड्याचं तर नावच नको. तो खुशाल कुरणात चरायचा आणि मामाही त्याला हात जोडून बाजूनं जायचे. एकटा वळू खाऊन खाऊन किती खाणार!

श्रावणातल्या एका सोमवारी मामा धाराशिवच्या कचेरीत गेले होते. कागद उर्दूतून मराठीत करून घ्यायला तेव्हा रांग लागलेली असायची, दिवस मोडायचा. दुपारी आत्याबाई पडल्या होत्या. मी पेटीतून वडलांची माळ काढली, जाड सुतात नव्यानं ओवली आणि तांबडीच्या गळ्यात बांधली. कपाळाला हळदकुंकू लावलं. हात कापत होते का? नव्हते. मला राग होता, आणि राग असला की माझे हात कापत नाहीत.

तिला घेऊन मी भरदिवसा बारवेवरून गेले. पाणी भरणाऱ्या बायका बघतच राहिल्या. एकीनं विचारलं, "अगं, गाईच्या गळ्यात कवड्या?" मी म्हणाले, "नवस हाय. माझ्या वडलांनी जाताना आईला सांगून ठिवलं हुतं, लेकीला म्हणावं गाय देवीला सोड. माझ्याकडनंच ऱ्हायलं."

बोलताना मी अडखळलेसुद्धा नाही. मेलेल्या बापाच्या तोंडी खोटं घातलं आणि तांबडीला पांढऱ्या दगडाच्या पलीकडं लावून दिलं. तिनं खाली मान घातली आणि गवताला तोंड लावलं. त्या आवाजानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी आनंदाचं होतं. खोटं कशाला बोलू?

मामा दिवेलागणीच्या आधी परतले. वाटेतच त्यांना ती दिसली असणार. अंगणात उभे राहून त्यांनी मला बाहेर बोलावलं.

"तुझ्या वडलांनी सांगितलं?"

"व्हय."

"जाताना?"

"व्हय मामा. आईला बोलले म्हणं."

ते माझ्याकडं बघत राहिले. मी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होते. आता ओरडतील, आता काठी आपटतील, असं वाटत होतं. त्यांनी डोक्यावरचं मुंडासं नीट केलं आणि म्हणाले, "बरं." एवढंच. मला वाटलं, मी जिंकले.

आठ दिवसांत शेजारीण आली. माझ्याच वयाची, हसरी, पाटावर बसायच्या आधीच बोलायला लागणारी. तिच्या घरी दोन म्हशी होत्या आणि दावणीला पाचोळा. इकडचं तिकडचं झालं, मग हळूच म्हणाली, "बाई, नवस बोलायचा तर काय काय लागतं गं? तू तुळजापूरची, तुला ठावं असंल."

तिच्या डोळ्यांत बघितलं आणि मला कळलं की तिला सगळं कळलंय. ती मला खोटी म्हणत नव्हती. ती माझ्याकडून रीत शिकायला आली होती. नाही कसं म्हणणार? मी सांगितलं. हळदकुंकू लाव, भंडारा उधळ, पाच सवाष्णींना बोलाव, माळ बांध. वर शहाणपणानं असंही सांगितलं की कवड्या घरी नसतील तर तुळजापुरात देवळाबाहेर दुकानात मिळतात.

मग बघायला नको. गावातली माणसं येडशीहून मोटार धरून तुळजापूरला जायला लागली, आणि प्रत्येक जण पिशवीत कवड्या घेऊन यायचा. पोळ्यापर्यंत कुरणात वीसेक जनावरं झाली. गौरी उठल्या तेव्हा पन्नासाच्या पुढं. गाई झाल्या, म्हशी झाल्या, एकानं तर शेरडांच्या कळपाला माळा घातल्या. शेरडाला कवड्या! ह्याच्यापुढं देवीनं काय म्हणावं? सगळे एकमेकांना ओळखून होते, आणि कुणीच कुणाला बोलत नव्हतं, कारण बोलायचं तर आधी आपल्या जनावराच्या गळ्यातली माळ काढावी लागली असती. दिवसभर वरून कवड्यांचा खुळखुळाट यायचा. सुरुवातीला मला तो आवडला होता.

मामा मात्र रोज जायचे. कोपऱ्यावरचा दगड पावसाअभावी पांढराच होता, तरी त्यांनी त्याला पुन्हा चुना लावला. मग त्याच दगडावर बसून राहायचे, काठी मांडीवर आडवी. जनावरं त्यांच्या समोरून आत जायची. एके दिवशी मी भाकरी घेऊन गेले तर ते मुठीत माती घेऊन बसले होते. म्हणाले, "गवतातला मारवेल गेला. पवनाबी गेला. आता तरोटा आन् कुसळ ऱ्हायलं, त्याला जनावर तोंड लावत न्हाय. मग मुळ्या उकरतील." त्यांनी मूठ उघडली तर मातीचा नुसता धुरळा झाला. मी भाकरीचं फडकं त्यांच्या पुढ्यात ठेवलं आणि मागं न बघता निघाले.

बारवेचं पाणी उतरायला लागलं. पोळ्याला तेरावी उघडी. गणपतीत चौदावी. पावसाळ्यात पायऱ्या झाकत जायच्या, आणि ह्या उघड्या पडत चालल्या होत्या. बायका कळशी बुडवताना आकडा मोठ्यानं बोलायच्या बंद झाल्या. मी खाली वाकले की मनातल्या मनात पायऱ्या मोजायची, आणि वर आले की मी स्वतःला सांगायची, पाऊस नाही म्हणून आहे हे, माझ्या एका गाईनं काय होतंय.

मधल्या काळात तांबडी व्याली. लालभडक कालवड झाली. पण देवीच्या गाईचं दूध घरात कसं घेणार? दूध कालवडीला, उरलेलं देवळात. आमच्या घरी मी गुळाचा काळा चहा पीत बसायची आणि कालवड दारात फेस गाळत हुंदडायची. माझी मीच फजिती करून घेतली होती, आणि हसायचीही चोरी. तांबडीच्या गळ्यातली माळ एव्हाना दोरा तुटून कुरणात कुठंतरी पडली होती. तिच्या गळ्यात माळ आहे का नाही हे बघायची आता कुणाला गरजही नव्हती.

नवरात्रात सहाव्या माळेला गावानं मारुतीच्या पारावर बैठक घेतली. त्या दिवशी सोळावी पायरी उघडी पडली होती. तिच्यावर शेवाळ वगैरे काही नव्हतं, साधा ओला दगड होता. बायका पारावर बसत नसत, पण मला बोलावणं आलं. मी देवळाच्या खांबाआड पदर ओढून उभी राहिले.

मामा उठले. ते कधी चार वाक्यांच्या वर बोलत नसत. म्हणाले, "मला जनावरं बाहीर काढायचीत. आजच. देवीची हायत म्हणून माझा हात आखडलाय. देवीची वस्तू बांधली तर तिचा कोप हुतो का, ह्ये मला ठावं न्हाय. तुळजापूरची लेक माझ्या घरात हाय. ती जे सांगंल ते मला मंजूर, गावालाबी मंजूर असावं."

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. शेजारीण समोरच बसली होती, पोर मांडीवर घेऊन, डोळे माझ्यावर रोखून. एक वाक्य बोलायचं होतं. नवस नव्हता, मी खोटं बोलले. एवढं म्हटलं असतं तर बाकीच्यांच्या माळा आपोआप गळून पडल्या असत्या. पण मग मी कोण? बापाच्या मरणाचा सौदा करणारी. उद्या हे माहेरी कळणार, आईला कळणार. मामांच्या घराची इज्जत पारावर सांडणार. हे सगळं मी त्या घटकाभरात मनात घोळवलं, आणि खरं सांगायचं तर ह्यातलं काहीच महत्त्वाचं नव्हतं. मला लाज वाटत होती, बस्स.

"देवीला सोडलेलं बांधलं तर कोप हुईल," मी म्हणाले.

मामांनी माझ्याकडं बघितलं. "बरं," म्हणाले आणि खाली बसले. हा शब्द दुसऱ्यांदा ऐकला तेव्हा मला पहिल्यासारखं जिंकल्यागत वाटलं नाही.

दसरा गेला. कोजागिरीच्या आदल्या दुपारी आभाळ भरून आलं. किती दिवसांनी! आम्ही सगळ्या अंगणात धावलो. आत्याबाईंनी दोन्ही हात पसरून तोंडावर पाणी घेतलं, शेजारीण पोराला घेऊन भिजत उभी राहिली. मी देवीला हात जोडले. म्हटलं, आई, वाचवलंस गं बाई, आता पायऱ्या झाकतील.

पाऊस वाढत गेला. मग वरून घरघर आवाज यायला लागला. मामा ओसरीवर उभे होते. त्यांनी कान दिला आणि चेहरा पांढरा पडला. "माती आली," एवढंच म्हणाले आणि तसेच भिजत पळत सुटले. मी त्यांना पळताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मीही मागं पळाले.

कुरणाच्या उघड्या उतारावरून गढूळ लोंढा खाली येत होता. त्याला अडवायला तिथं काडी नव्हती. मुळ्यांसकट उपटलेला तरोटा, शेण, दगड, सगळं घेऊन तो बारवेच्या वरच्या अंगाला येऊन थडकला आणि आत पडायला लागला. मामा काठीनं लोंढ्याची वाट वळवायला बघत होते, आणखी पाचसहा जण धावून आले, मातीच्या पाट्या टाकल्या, दगड टाकले. काही उपयोग झाला नाही. आम्ही सगळे पावसात उभे राहून बघत राहिलो. ज्या पावसाची सगळं गाव वाट बघत होतं तो आला, आणि आमचं पाणी बुजवून गेला. पाऊस थांबला तेव्हा बारवेच्या जागी काठोकाठ लाल चिखल होता. एकही पायरी दिसत नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून सगळं गाव गाळ काढायला लागलं. खाली पुरुष, काठावर बायका, टोपली हातोहात वर. प्यायचं पाणी आम्ही ओढ्यात खड्डे खणून वाटी वाटीनं भरत होतो. त्या बारवेतला गाळ पुढचा उन्हाळा लागेतो निघत राहिला. झरा पुन्हा मोकळा झाला खरा, पण पाणी बाराव्या पायरीच्या वर माझ्या डोळ्यांनी परत कधी चढलं नाही.

पण मी सांगतेय ती गोष्ट तिसऱ्या दिवसाची. दुपारी भाकरी खायला सगळे वर गेले होते. मामा वर आले नाहीत म्हणून मी फडकं घेऊन उतरले. आठ पायऱ्या मोकळ्या झाल्या होत्या. ते आठव्या पायरीवर बसले होते, कोपरापर्यंत चिखल. हातात काहीतरी घेऊन अंगठ्यानं पुसत होते. मी जवळ गेले तेव्हा दिसलं. तुटलेलं सूत, त्यात चारपाच कवड्या, मधली मोठी, पिवळसर, कडेला टवका उडालेली.

"तुझ्या वडलांची हाय," ते म्हणाले आणि माझ्या हातात दिली.

मी माळ मुठीत धरली. मी म्हणाले, "मामा, मला तुमाला काय तरी सांगायचंय."

"नगं सांगू. मला ठावं हाय."

"काय ठावं हाय?"

ते चिखलाकडं बघत बोलले. "तुझ्या वडलांच्या उशाशी मी हुतो. तीन दिस. म्या गेलो त्याच्या आधीच त्यांची वाचा गेली हुती. नुसते डोळं उघडायचे आन् मिटायचे. तुझ्या आईला न्हाय, मला न्हाय, कुणाला एक अक्षर बोलले न्हाईत ते."

मी वरच्या पायरीवर बसले. म्हणजे अंगणात त्यांनी "जाताना?" असं विचारलं होतं तेव्हाच. म्हणजे पारावर उभं राहून मला विचारलं होतं तेव्हाही. "मग बोलला का न्हाईत?" मी ओरडलेच. "भावाची म्हैस कोंडवाड्यात घातली ना तुमी? मग मला का सोडलं?"

"बोललो असतो तर तू गावाफुडं खोटी पडली असतीस. परक्या घरची पोर, बाप नुकता गेल्याला." ते पुन्हा चिखलाकडं वळले. "पारावर वाटलं, तू बोलशील. तू न्हाय बोललीस. मला बोलता आलं असतं. मीबी न्हाय बोललो. एक घर रडू दे म्हणणारा मी, वेळ आली तवा आपलंच घर राखलं."

ते उठले आणि पाटी भरायला लागले. माझ्याकडं त्यांनी पुन्हा बघितलं नाही. ते रागावले असते तर मला सोसलं असतं.

मी पायऱ्या चढून वर आले. गोठ्यात गेले, दावणीचं दावं सोडलं आणि उघड्या कुरणावर गेले. तांबडी वाळलेल्या चिखलात उभी होती, खायला काहीच नसलेल्या जागी उगाच हुंगत. मी तिच्या गळ्यात दावं घातलं. तिनं मान दिली, तिला काय, ती माझीच होती. कालवड आमच्या मागं आली.

बारवेच्या काठावर सगळे परत जमले होते, टोपल्या हातोहात चालू होत्या. दावं बघून रांग थांबली. शेजारीण पुढं आली, घाबऱ्या घाबऱ्या म्हणाली, "अगं बाई, देवीच्या गाईला दावं?"

"देवीची न्हाय, माझी हाय," मी म्हणाले, आणि खालपर्यंत ऐकू जावं म्हणून मोठ्यानं म्हणाले. "माझा बाप जाताना कायबी बोलला न्हवता. त्याची वाचा गेली हुती. म्या खोटं बोलले. श्रावणात बोलले, पारावरबी बोलले."

शेजारणीनं हातातली टोपली खाली ठेवली आणि माझ्याकडं न बघता कुरणावरच्या आपल्या म्हशींकडं बघत राहिली.

मामा वर आले. आठ पायऱ्या चढायला त्यांना बराच वेळ लागला. चिखलानं माखलेल्या हातानं त्यांनी माझ्या हातातलं दावं घेतलं, तांबडीच्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि तिला कोंडवाड्याच्या वाटेला लावलं. मी त्यांच्या मागून चालत गेले, आणि माझ्या मागून कालवड.